वाचकांचे प्रश्न : विमानाला गोल घर, पण दार कुठे ठेवायचे?

छोट्या खासगी विमानांच्या निवाऱ्याविषयी या सदराकडे आलेली सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत ‘गोल हँगर’ आणि ‘घुमटाकार हँगर’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असल्यामुळे प्रश्नांची थोडी गल्लत झाली आहे. कणगीसारखी उभ्या भिंतींची गोल खोली ही एक गोष्ट, उपड्या टोपलीसारखा जमिनीपासूनच वळत जाणारा घुमट ही दुसरी, आणि बैलगाडीच्या टपासारखे एकाच दिशेने वळलेले लांबट छप्पर ही तिसरी. तिघांचे गुण वेगळे आणि अडचणीही वेगळ्या, म्हणून उत्तरे देताना मी हा फरक पाळला आहे.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, गेली बावीस वर्षे टेक्सासमध्ये राहतो. आम्हा तिघा मित्रांच्या मालकीचे एक सेसना १७२ विमान आहे. धावपट्टीलगतच्या एका वसाहतीत आम्ही जमीन घेतली असून तिथे १५ मीटर व्यासाचा, त्रिकोणी सांगाड्याचा जिओडेसिक घुमट उभारावा असे मनात आहे. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त जागा मिळते, असे विक्रेता सांगतो. हे कितपत खरे मानावे?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही, परंतु ते बंद घुमटापुरते खरे आहे, आणि विमानाचे घर बंद ठेवून भागत नाही.

आधी विमान जमिनीवर मांडून पाहू. सेसना १७२ च्या पंखांचा विस्तार ११ मीटर, लांबी सुमारे ८.३ मीटर आणि शेपटीपाशी उंची सुमारे २.७ मीटर आहे. वरून पाहिले तर ही आकृती इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी दिसते, आणि गंमत अशी की पंखांची दोन टोके व शेपटी यांना स्पर्श करणारे वर्तुळ काढले तर त्याचा व्यास पंखांच्या विस्तारापेक्षा जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटरने जास्त भरतो. म्हणजे विमान वर्तुळात अगदी ठाकठीक बसते. सभोवार एक मीटरच्या आसपास मोकळी जागा सोडली तर १३ मीटर व्यास पुरतो आणि जमीन १३३ चौरस मीटर लागते. तेवढीच मोकळीक सोडून आयताकृती शेड काढली तर ती १३ बाय १०.३ मीटरची होते आणि क्षेत्रफळ १३४ चौरस मीटर येते. जागेत बचत शून्य. भिंतीची लांबी मात्र ४७ मीटरच्या ऐवजी ४१ मीटर होते, एवढाच काय तो गोलाचा फायदा.

आता विमान बाहेर काढा. दोन्ही पंखांच्या टोकांना साठ-साठ सेंटिमीटर सोडायचे म्हटले तर दार १२.२ मीटर रुंद हवे. १३ मीटरच्या वर्तुळात एवढे रुंद सपाट दार बसवायचे झाल्यास पुढचा सव्वाचार मीटरचा तुकडा कापून टाकावा लागतो, आणि मग विमानाचे नाक दाराबाहेर राहते. म्हणूनच आपल्याला १५ मीटर व्यास सुचवला गेला असणार. पण तिथेही १२.२ मीटर रुंदीचे दार घेराचा जवळजवळ तीस टक्के भाग घेते. घुमटाच्या पृष्ठभागातून बाहेर काढलेली चौकट न करता सरळ कापच घेतला, तर ३.२ मीटर उंचीचे दार बसण्यासाठी घेराचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जातो. टोपलीचा तिसरा हिस्सा तोडून टाकल्यावर ती टोपली उरते का, हा खरा प्रश्न आहे.

घुमटाचे बळ त्याच्या आडव्या कड्यांत असते. अर्धगोल घुमट स्वतःच्या वजनाखाली उभा असतो तेव्हा माथ्याकडची कडी दाबाखाली असतात. माथ्यापासून सुमारे ५२ अंश खाली आल्यावर मात्र तीच कडी ताणाखाली जातात, कारण घुमटाला खालच्या बाजूने बाहेर फाकायचे असते आणि ही कडी त्याला कमरपट्ट्यासारखी आवळून धरतात. १५ मीटर व्यासाच्या अर्धगोलात हा ताणाचा पट्टा जमिनीपासून साधारण साडेचार मीटर उंचीपर्यंत येतो. आपले दार ३.२ मीटर उंच असणार, म्हणजे ते अख्खे याच पट्ट्यात पडते. विजापूरच्या गोल घुमटाचा रेटा खालच्या भरभक्कम भिंतींनी आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी पेलला आहे आणि तिथली दारे घुमटात नसून भिंतीत आहेत. सात मजली मनोरे पाहण्याच्या नादात ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. आपल्या हँगरमध्ये तुटलेल्या कड्यांचा ताण दाराभोवतीच्या जाड पोलादी चौकटीवर येईल आणि त्या चौकटीचे वजन व खर्च विक्रेत्याच्या ‘कमीत कमी साहित्यात’ धरलेला आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

घुमट बुटका केला तर साहित्य वाचेल, असेही आपल्याला सुचवले जाईल. ते वाचते खरे. १५ मीटरच्या अर्धगोलाचा पृष्ठभाग ३५३ चौरस मीटर, म्हणजे जमिनीच्या बरोबर दुप्पट असतो, तर उंची तीनच मीटर ठेवलेल्या उथळ घुमटाचा २०५ चौरस मीटर. पण सेसनाचे पंख वर, केबिनच्या माथ्यावर असतात. जमिनीपासून २.४ मीटरवर त्या उथळ घुमटाची आतली मोकळी रुंदी मोजा, ती ७.१ मीटर भरते. पंख ११ मीटरचे! खाली पंख असलेले पायपर आर्चरसारखे विमान असेल तर दीड मीटर उंचीवर ११ मीटर रुंदी मिळते आणि त्याचे सुमारे १०.८ मीटरचे पंख कसेबसे बसतात, पण मग शेपटीचा उभा पंख मागे छताला टेकतो. जमिनीवरचे क्षेत्रफळ पाहून घुमट विकत घेणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

माझा सल्ला असा की घुमटाचाच आग्रह असेल तर तो जमिनीवर न बसवता साडेतीन मीटर उंचीच्या गोल भिंतीवर बसवावा, म्हणजे कणगीवर टोपली. भिंतीच्या माथ्यावर सलग रिंग बीम, म्हणजे कड्यासारखी गोल तुळई, फिरवावी आणि दार त्या बीमच्या खाली ठेवावे. कडे तुटत नाही, पंखांना पूर्ण रुंदी मिळते. यातही एक मेख आहे. दारावरचा तो बीम वक्र असल्यामुळे दोन खांबांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या तीन मीटरहून जास्त बाहेर जातो, आणि असा बीम नुसता वाकत नाही, तो पिळवटतोही. हा पीळ हिशेबात धरणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर गाठा. विक्रेत्याचा तक्ता पुरेसा नाही.

आणखी एक गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. छोटे विमान इंजिन चालू करून हँगरमध्ये नेत नाहीत; पुढच्या चाकाला टो बार लावून दोन-तीन माणसे ते मागे ढकलत नेतात. फरशीवर एक पिवळी रेघ ओढलेली असते, पुढचे चाक त्या रेघेवर ठेवायचे आणि एकाने पंखाच्या टोकापाशी उभे राहून भिंतीकडे पाहायचे. सरळ भिंत डोळ्यांना अंदाज देते. वळणारी भिंत देत नाही, कारण विमान एक हात मागे गेले की बाजूची जागा किती कमी झाली ते नजरेला चटकन कळत नाही. एका गोल शेडमध्ये मी स्वतः पंखाच्या टोकापाशी उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असताना टोकाच्या हिरव्या दिव्याची काच फुटल्याचा आवाज ऐकला आहे. वैमानिक ज्याला हँगर रॅश म्हणतात ते हेच.

प्रश्न : मी पुण्यात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला शिकते. जगात कुठे गोल हँगर खरोखर बांधले गेले आणि टिकले आहेत का, की हे सगळे प्रदर्शनातल्या मॉडेलपुरतेच आहे?

उत्तर : टिकले आहेत, आणि त्यांतली सर्वांत शिकण्यासारखी जोडी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या उत्तरेला ग्रिमबर्गन येथील छोट्या विमानतळावर आहे. आल्फ्रेड हार्डी यांनी १९४७ मध्ये तिथे काँक्रीटच्या पातळ कवचाचे दोन गोल हँगर उभारले. आज ते वारसा वास्तू म्हणून संरक्षित आहेत आणि छोट्या विमानांची ये-जा असलेल्या त्या मैदानाची ओळख बनले आहेत.

मागच्या उत्तरात दाराची जी अडचण सांगितली, तिच्यावर हार्डींनी काढलेला तोडगा असा, की छताचा भार त्यांनी कडेच्या भिंतीवर टाकलाच नाही. भार मध्याकडे घेतला आणि छत अळंब्याच्या छत्रीसारखे बाहेर झेपावू दिले. परिघावर भार नाही, म्हणजे परिघावर हवी तिथे दारे ठेवायला मोकळीक. विमाने आत केकच्या तुकड्यांसारखी, शेपट्या मध्याकडे आणि नाक बाहेर अशी उभी राहतात आणि प्रत्येक जण आपापल्या दाराने बाहेर पडतो. मागचे विमान काढण्यासाठी पुढची चार हलवावी लागत नाहीत. आयताकृती सामाईक हँगरमध्ये रविवारी सकाळी हीच कसरत पाहायला मिळते, आणि तिच्यातच विमानांना सर्वाधिक ओरखडे पडतात. गोल आकार इथे शोभेसाठी आलेला नाही, विमानाच्या ‘टी’ आकारातून तो आपोआप निघाला आहे. याची किंमतही आहे. चारही बाजूंनी दारे म्हणजे चारही बाजूंनी विमान फिरवण्यापुरती फरसबंदी हवी, आणि छोट्या विमानतळावर अशी जागा सहसा नसते.

घुमटाचे उदाहरण हवे असेल तर कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९८० च्या दशकात हॉवर्ड ह्यूजेस यांच्या अवाढव्य लाकडी विमानासाठी ॲल्युमिनियमचा जिओडेसिक घुमट बांधला होता. ‘स्प्रूस गूस’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या त्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ९७.५ मीटर आणि घुमटाचा व्यास सुमारे १२६ मीटर. आत एकही खांब नव्हता. डोळे दिपावेत अशीच ती गोष्ट होती; पण हे विमान आयुष्यात एकदाच, २ नोव्हेंबर १९४७ रोजी, थोडा वेळ उडाले होते आणि घुमटात ते प्रदर्शनाची वस्तू म्हणून ठेवले होते. दार रोज उघडायचे नव्हते. १९९२ मध्ये ते ओरेगॉनला हलवायचे ठरले तेव्हा सुटे करून नेले गेले. बकमिन्स्टर फुलर यांना जिओडेसिक घुमटाचे अमेरिकन पेटंट १९५४ मध्ये मिळाले, तरी तशीच जाळी जर्मनीत येना येथे वाल्टर बाऊअर्सफेल्ड यांनी तारांगणासाठी त्यापूर्वी तीस वर्षे बांधली होती. तारांगण, प्रदर्शन, रडार असे जे एकदा आत ठेवले की बाहेर काढायचे नसते, त्याच्यासाठी या घुमटाला तोड नाही. आपल्या प्रबंधात हा भेद आला तर परीक्षकांनाही विचार करायला काही मिळेल.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे वाफेची इंजिने टर्नटेबलवर फिरवत असत. विमानांसाठीही असे फिरते हँगर असतात असे नातवाने दाखवले. सहा विमाने एका चक्रावर! हे फिरवायला किती ताकद लागत असेल आणि वीज गेली तर काय?

उत्तर : आपले पत्र वाचताना फार आनंद झाला, कारण फिरत्या हँगरचे मूळ आपल्या टर्नटेबलमध्येच आहे.

ताकदीची काळजी नको. रिकाम्या सेसना १७२ चे वजन पाऊण टनाच्या थोडे पुढे-मागे असते. सहा विमाने मिळून साडेचार-पाच टन, त्यात चक्राचा स्वतःचा सांगाडा. आपण ज्यांच्याशी आयुष्यभर झटलात त्या इंजिनांपुढे हे काहीच नाही. फरक आहे तो तोलाचा. लोको टर्नटेबलवर इंजिन पुढे-मागे सरकवून भार मधल्या खिळीवर तोलून धरला की दोन माणसे ढकलून ते फिरवू शकत. विमानांच्या चक्रावर असा तोल राखता येत नाही. तीन विमाने एकाच बाजूला आणि उरलेली उडायला गेलेली, असे रोजच घडणार. म्हणून चक्र कडेच्या गोल रुळावर बऱ्याच चाकांवर फिरवतात आणि मधली खिळी फक्त केंद्र धरून ठेवते. छोटी मोटर पुरते. वीज गेल्यास हाताने फिरवायची सोय ठेवलीच पाहिजे, नाहीतर ज्याचे विमान दाराच्या विरुद्ध बाजूला असेल त्याने वीज येईपर्यंत चहा पीत बसायचे.

जागेचा हिशेब मात्र नातवासमोर बसून करावा, कारण तो मजेदार आहे. सहा विमाने, म्हणजे प्रत्येकाला साठ अंशांची फोड. शेजारच्या दोन पंखांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर ठेवायचे तर पंखांची रेघ केंद्रापासून सुमारे १० मीटरवर येते आणि प्रोपेलरचे टोक १२.६५ मीटरवर. इमारतीचा व्यास २७ मीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस मीटर, म्हणजे विमानामागे ९५. एकट्या विमानाला १३४ लागत होते, तेव्हा बचत जवळजवळ तीस टक्के. कागदावर उत्तम! आता त्या गोल भिंतीत १२.२ मीटरचे सपाट दार बसवा. ते केंद्रापासून १२ मीटरवर येते. चक्र फिरताना प्रोपेलर १२.६५ मीटरच्या वर्तुळात फिरणार, म्हणजे तो थेट दारावर आदळणार. एक तर दार इमारतीच्या वळणाप्रमाणे वक्र रुळावर सरकणारे करा, नाहीतर व्यास २९ मीटरपर्यंत वाढवा. वाढवलात की विमानामागे ११० चौरस मीटर होतात आणि बचत वीस टक्क्यांच्याही आत येते.

खरी बचत दाराबाहेर आहे. ओळीने बांधलेल्या टी-हँगरना (प्रत्येक विमानाला ‘टी’ आकाराचा वेगळा कप्पा) दोन्ही अंगांनी विमान फिरेल एवढा रस्ता लागतो. फिरत्या हँगरला एकच दार आणि एकच रस्ता. शिवाय २७ मीटर व्यासाच्या इमारतीत ते एक दार घेराचा फक्त पंधरा टक्के भाग खाते, तेव्हा छताचे कडेही फारसे दुखावत नाही. गोल आकार मला पटतो तो इथे, पाच-सहा मालकांनी एकत्र येऊन बांधला तर. एकमेव दार बिघडले तर सहाही जण अडकतात, ही त्याची दुसरी बाजू आहे आणि सहा मालक म्हटल्यावर दुरुस्तीच्या बिलावरून काय होईल ते आपल्याला सोसायटीत राहून ठाऊक असेलच.

जाता जाता : घरातले चक्र फिरवण्याऐवजी घरच फिरवण्याचा प्रकारही झाला आहे. २ जुलै १९०० रोजी काउंट झेपलिन यांचे पहिले हवाई जहाज निघाले ते कॉन्स्टन्स सरोवरावरच्या तरंगत्या शेडमधून. ही शेड वाऱ्याबरोबर वळत असे, त्यामुळे जहाज बाहेर काढताना आडवा वारा लागत नसे. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्डहोल्ट्स येथे जर्मन नौदलाने दोन हवाई जहाजे मावतील असे आख्खे हँगर टर्नटेबलवर उभे केले होते.

प्रश्न : माझा नाशिकजवळ फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. एका ग्राहकाला त्याच्या हलक्या विमानासाठी गोल छपराची शेड हवी आहे. घुमट करू की अर्धगोल पत्र्याची लांबट शेड? वाऱ्यात कोणती टिकेल?

उत्तर : लांबट शेड करा. पोळीची सुरळी सहज होते, पण तीच पोळी नारळावर बसवायला गेलात तर चुण्या पडतात. पत्र्याचेही तसेच आहे. एका दिशेने वळवायचा तर तो रोलिंग मशिनवर वळतो आणि वळल्यामुळे अधिक ताठ होतो. दोन दिशांनी वळवायचा तर त्याचे त्रिकोण कापावे लागतात आणि प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कडा जोडाव्या लागतात. जिओडेसिक घुमट गळतात ही जगभरची तक्रार आहे आणि तिचे कारण हे जोड आहेत. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कोणते सिलंट किती वर्षे टिकते, ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

शिवाय लांबट कमानीच्या शेडमध्ये दार टोकाच्या सपाट बाजूला येते, एकही कमान तोडावी लागत नाही. म्हणूनच युद्धकाळात घाईने निवारे उभारायची वेळ आली तेव्हा लष्कराने हाच आकार निवडला. १९१६ ची ब्रिटिश निसेन हट आणि १९४१ ची अमेरिकन क्वॉन्सेट हट माणसांसाठी आणि सामानासाठी होत्या. खास विमानांसाठी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ब्लिस्टर हँगर वापरली. अंगावर फोड यावा तशी ही कमानदार छपरे विमानतळाच्या कडेकडेने विखरून उभारलेली असत, त्यांना पक्का पाया नसे, जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांवर ती धरलेली असत आणि गरज पडली की उचलून दुसरीकडे नेता येत. सेसनाच्या आकाराच्या विमानासाठी अर्धवर्तुळाची रुंदी १४ मीटर धरा, ३.२ मीटर उंचीचे आणि १२.२ मीटर रुंदीचे दार त्यात बसते. बाजूने मीटरभर उभी भिंत घेतलीत तर कमान याहून बुटकी चालेल.

वाऱ्याविषयी एकच गोष्ट मनात पक्की धरा : हलकी शेड कोसळत नाही, ती उडते. आपल्या मानकाप्रमाणे नाशिकसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरतात. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो. गोल छपरावरून जाताना वारा वेग घेतो आणि छपराला वर ओढतो. त्यातच पुढचे दार उघडे राहिले तर आत शिरलेला वाराही खालून वर ढकलतो. १४ बाय १०.३ मीटरच्या शेडला, वारा छपराला जितका उचलतो त्याचा गुणक एक, म्हणजे वाऱ्याच्या दाबाइतकाच, धरला तरी उचल १३ टनांवर जाते. आत उभे असलेले विमान पाऊण टनाचे. तेव्हा पायाचे काम घर पेलण्याचे नसून घर खाली धरून ठेवण्याचे आहे, आणि काँक्रीटच्या पेडस्टलचे वजन व फाउंडेशन बोल्टची लांबी त्या हिशेबाने काढा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडे पत्रे ट्रससकट उपटून वाडीत पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. विमान आत असले तरी तेही फरशीतल्या कड्यांना दोरांनी बांधून ठेवायला ग्राहकाला सांगा.

प्रश्न : मी बारामतीला वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. फुग्यावर फोम आणि काँक्रीट फवारून केलेले घुमट हँगर म्हणून चांगले का? आत उकाडा आणि आवाज कसा असतो?

उत्तर : अमेरिकेत साउथ बंधूंनी १९७६ मध्ये आयडाहो राज्यातील शेली येथे असा पहिला घुमट बटाटे साठवण्यासाठी बांधला. कापडी फुगा हवेने फुगवायचा, आतून पॉलियुरेथेन फोम फवारायचा, त्यावर सळया बांधून काँक्रीट फवारायचे, अशी ती पद्धत. जोड नाही म्हणून गळती नाही, फोममुळे उकाडा कमी. बटाट्याला हे सारे मानवते. विमानाच्या टाक्यांत दोनशे लिटरच्या आसपास पेट्रोल असते आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. बंद घुमटात तिला वाट हवी म्हणून झरोके माथ्यावर ठेवून भागत नाही, ते खाली, गुडघ्याच्या उंचीवरही हवेत. फोम कुठेही उघडा राहू देऊ नये, तो भडकतो.

आवाज घुमतो. पाना खाली पडला तर तो दोनदा पडल्यासारखा वाटतो आणि एका टोकाला कुजबुजलेले दुसऱ्या टोकाला ऐकू येते, हे चेष्टेपुरते बरे असले तरी तपासणीची यादी मोठ्याने वाचताना त्रासाचे होते. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, फळी बसत नाही. मागे राहिलेल्या पाचरीसारख्या जागेत कबुतरे आणि धूळ. आणि कोणत्याही आकाराच्या हँगरमध्ये असाल, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवरचे टोपण काढू नका. कुंभारीण माशीला ती नळी घर बांधायला फार आवडते, आणि मातीने बुजलेली नळी आपल्याला वेग चुकीचा दाखवील.

प्रश्न : आम्ही विलेपार्ल्याचे जुने रहिवासी. जुहूच्या विमानतळावर पूर्वी गोल हँगर होते असे वडील सांगत. खरे का?

उत्तर : आपल्या वडिलांनी काय पाहिले असेल ते आता सांगणे कठीण, कमानदार छपराला बोलताना ‘गोल’ म्हणण्याची आपली रीत आहे. सुरुवातीचे चित्र मात्र फार साधे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या हवाई सेवेचा तिथला निवारा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेला होता. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरले की सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे.

त्या वेळचे त्यांचे पुस मॉथ विमान आजच्या सेसनाएवढ्याच रुंद पंखांचे होते. पण त्याचे पंख बिजागरीवर मागे वळवून धडालगत दुमडता येत असत. दुमडले की रुंदी साधारण एक तृतीयांश उरते आणि १२.२ मीटरचे दार, वक्र रूळ, पिळवटणारा बीम यांतले काहीच लागत नाही. आजही पंख दुमडणारी हलकी विमाने मिळतात. टेक्सासच्या आपल्या वाचकांनी पुढचे विमान घेताना हा पर्याय पाहून ठेवावा; त्या विमानाला त्यांच्या मोटारीच्या गॅरेजचे दार थोडे रुंद केले तरी पुरेल.